निरोगी मेंदू लातूरला मिळतात

नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी बावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवते आहे. अलीकडची काही वर्षं मात्र मी मुख्यतः मेंदूतल्या गाठी शिकवते. हे कधी आणि कसं झालं ते मलाही नीट सांगता येणार नाही. शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटाने एक प्रोजेक्ट करायचा असतो. विषय विचारला की पहिला गट उभा राहतो आणि म्हणतो, "मॅडम, ब्रेन ट्यूमर." दुसरा गट म्हणतो, "आमचाही तोच मॅडम, पण डीप लर्निंग वापरून." पहिलाही डीप लर्निंगच वापरणार असतो, फक्त ते त्याला अजून कळलेलं नसतं.

काम तसं सोपं आहे. मेंदूच्या एमआरआयची चित्रं नेटवर फुकट मिळतात. गाठ असलेली एका फोल्डरमध्ये, नसलेली दुसऱ्यात. ती दोन्ही एका प्रोग्रामला पुन्हा पुन्हा दाखवायची आणि बजावत राहायचं की ही गाठ, ही नाही, ही गाठ, ही नाही. प्रोग्रामही नेटवरच मिळतो. मग केव्हातरी तो आपला आपण ओळखायला लागतो आणि किती बरोबर ओळखलं त्याचा आकडा स्क्रीनवर येतो. आकडा नव्वदच्या खाली असला तर पोरांची तोंडं उतरतात, वर गेला तर लगेच स्टेटसला लागतो. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. ते आपल्या कॉलेजात हाच प्रोजेक्ट करून घेऊन आलेले असतात. ते विचारतात, "सगळ्या प्रकारचा डेटा घेतलाय ना?" गट एका सुरात म्हणतो, "हो सर." मीही मान डोलावते. एवढ्यात पोहे येतात आणि परीक्षा संपते.

दोन वर्षांपूर्वी मला या सगळ्याचा उबग आला. त्या वर्षीच्या गटाला मी वर्गातच झापलं. म्हटलं, "नेटवरचे मेंदू बंद. कुठल्या देशातले, कुणाचे, काही पत्ता नाही. आपल्या मराठवाड्यातल्या माणसांचे मेंदू आणा, मग प्रोजेक्टला माझी सही मिळेल." वाक्य मला इतकं आवडलं की स्टाफरूममध्येही मी ते दोन-तीनदा ऐकवलं. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

गाठीचे मेंदू नांदेडातच मिळाले. मेंदूवर इलाज करणारे एक डॉक्टर ओळखीचे होते. कॉलेजचं पत्र घेऊन गेलो, त्यांनी जुन्या पेशंटचे स्कॅन नावं काढून दिले. घोडं अडलं ते निरोगी मेंदूंपाशी. काही झालेलं नसताना एमआरआय काढणार कोण? आमच्याकडे माणसाचं डोकं दुखलं की तो आधी बाम चोळतो, मग घरचे दृष्ट काढतात, मग गावातला डॉक्टर सुई देतो, आणि मशीनपर्यंत पोचेतो काहीतरी सापडण्याइतका उशीर झालेला असतो. आम्ही महिनाभर असेच हात चोळत बसलो. मग गटातली एक मुलगी, लातूरचीच, अगदी सहज म्हणाली, "मॅडम, निरोगी मेंदू लातूरला मिळतात."

खरंच मिळतात. ज्यांनी लातूर पाहिलेलं नाही त्यांना सांगते, तिथे डाळींच्या गिरण्या आहेत आणि डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचे क्लास आहेत, आणि दोन्हीकडे माल खेड्यापाड्यांतून येतो. पोरगं क्लासला घातलं की आई एक खोली भाड्याने घेऊन त्याच्याबरोबर राहते. बाप दर आठ दिवसांनी पीठ, डाळ आणि अपेक्षा घेऊन येतो. पोराला चाचणीत मार्क कमी पडले की त्याचं डोकं दुखतं. मग डोळ्यांचा डॉक्टर, मग चष्मा, तरी दुखतंच, मग एमआरआय. इतर गावांत पोराचं डोकं दुखलं तर त्याला झोपू देतात, लातूरला त्याला मशीनमध्ये घालतात. रिपोर्ट स्वच्छ येतो, आई डोळे पुसते आणि म्हणते, चल, आता कर अभ्यास. असे कितीतरी स्वच्छ मेंदू तिथल्या एका सेंटरच्या कॉम्प्युटरवर पडून होते. पुन्हा पत्र, पुन्हा नावं काढली, एसटीच्या दोन फेऱ्या झाल्या आणि आमचा निरोगी फोल्डर गच्च भरला. मी पोरांना बसस्टँडवर उसाचा रस पाजला.

प्रोग्राम तयार झाला. आकडा आला नव्व्याण्णव. इतका आकडा आला की मास्तराने घाबरायचं असतं. मी साडी बदलून आले, कारण उद्घाटन ठरलं होतं.

लॅपटॉपला हार घातला, त्याच्यासमोर नारळ फोडला. डॉक्टरांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं, त्यांना शाल दिली. पेपरवाले आले. प्राचार्यांना उत्साह इतका की त्यांनी स्वतःचीच सीडी आणली होती. मागे कधीतरी चक्कर येते म्हणून त्यांनी नांदेडलाच एमआरआय काढला होता, रिपोर्ट चांगला होता, आणि सर्वांसमोर आपल्या मेंदूला प्रमाणपत्र मिळावं अशी त्यांची इच्छा होती. गटातल्या मुलाने सीडी टाकली, बटण दाबलं आणि मोठ्याने वाचून टाकलं, "गाठ आहे. अठ्ठ्याण्णव टक्के."

प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पेढ्यांचं ताट घेऊन उभी असलेली बाई ताटासकट मागे सरकली. डॉक्टरांनी उठून चित्रं नीट पाहिली आणि म्हणाले, "काही नाही हो. वयाप्रमाणे मेंदू थोडा आक्रसतो, बस." मग तोच मुलगा हजरजबाबीपणे म्हणाला, "सर, शंभरात एक चुकतो, तो एक तुम्ही निघालात." हशा पिकला. आपण शंभरात एक आहोत हे ऐकून प्राचार्यही खुलले. प्रोग्राम कॉलेजच्या वेबसाइटवर चढला, पेपरात फोटो आला, बातमी आली, त्यात हा प्रसंग नव्हता. तिथेच मला शंका यायला हवी होती. मी पेढा खाल्ला.

ती बातमी सर्वांत जास्त कुणी मिरवली असेल तर माझ्या दाजींनी. माझी मोठी बहीण निलंग्याला दिलेली. दाजींची तिथे ऊस-तुरीची शेती, शब्द कडक आणि मन साधं. बातमीचा फोटो त्यांच्या मोबाइलवर होता आणि लातूरच्या बाजारात तूर विकायला गेले की आडत्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ते तो दाखवायचे. त्यांची एकुलती एक मुलगी लातूरला क्लासला होती, परीक्षेची दुसरी खेप. ताई तिच्याजवळ खोली घेऊन राहत होती.

या हिवाळ्यात पोरीचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठलं की उलटी. ताई म्हणाली, खोलीचं पाणी बाधलं. क्लासचे सर म्हणाले, टेन्शन. चष्मेवाल्याने नंबर वाढवून दिला. शेवटी तिथल्या रीतीप्रमाणे एमआरआय निघाला, त्याच सेंटरवर, जिथून आम्ही निरोगी मेंदू आणले होते. रिपोर्टात लिहिलं होतं की उजव्या बाजूला, मागे, बारीक सावली दिसते, गाठीची शंका आहे, औषध टोचून पुन्हा स्कॅन करा आणि मेंदूच्या सर्जनला दाखवा.

सर्जनकडे जायच्या ऐवजी तिघं एसटीने थेट माझ्या लॅबमध्ये आले. दाजी उभ्याउभ्याच म्हणाले, "हे बघ, तो डॉक्टर शंका हाय म्हणून राहिला. शंका म्हणजे त्यालाच ठाव न्हाई. आपली घरची मशीन असताना मी कशाला दारोदार हिंडू? परवापासून पोरीच्या चाचण्या हायेत. टाक ही सीडी."

मी टाकली. नाही म्हणता आलं असतं. पण ताई माझ्याकडे अशी बघत होती की जणू माझ्या हातात परडी आहे आणि त्यात अंगारा आहे. आणि खोटं कशाला बोलू, मलाही दाखवायचं होतं. स्क्रीनवर आलं: गाठ नाही, नव्व्याण्णव टक्के.

ताई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. दाजींनी तिथूनच निलंग्याला फोन लावला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडले, "क्लिअर हाय! घरच्या मशीनवर बघितलं!" पोरगी मात्र स्क्रीनजवळून हलली नाही. दोन वर्षं जीवशास्त्र घोकलेली पोरगी ती, हुशार. तिने हळूच विचारलं, "मावशी, माझ्या वयाची, गाठ असलेली पोरगी ह्याला कधी दाखवली होती का?"

"हो गं, सगळ्या वयांचा डेटा आहे त्यात," मी म्हणाले.

परीक्षकांसमोर जसं निघतं तसंच ते तोंडातून निघालं. ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं. खरं आहे हेही माहीत नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं. पोरीने मान हलवली. तिलाही ते हवंच होतं. निघताना मी दाजींना "तरी एकदा सर्जनला दाखवून घ्या" असं म्हणाले, पण इतक्या पडेल आवाजात की मलाच ते नीट ऐकू आलं नाही.

तीन आठवडे गेले. मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते आणि ताईचा फोन आला. चिडलेली होती. क्लासने पोरीला ताकीद दिली होती आणि पालकांना भेटायला बोलावलं होतं. चाचणीत उत्तराचे गोळे काळे करायचे असतात. "डाव्या बाजूचे सगळे गोळे कोरे सोडले बघ हिनं," ताई म्हणाली. "विचारलं तर म्हणते, मला दिसलेच न्हाईत. सर हसले. म्हणाले, इतकं आळशी कारण आजवर ऐकलं नव्हतं."

"सगळे डावीकडचेच?" मी विचारलं.

"सगळे. आणि काल दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेतला. झोपेत चालते जणू."

फोन ठेवून मी पहिल्यांदा, होय, दीड वर्षात पहिल्यांदा, ते दोन फोल्डर उघडून एकेक नोंद वाचली. नावं काढलेली होती, वयं होती. गाठीच्या फोल्डरात अठ्ठावन्न, एकसष्ट, एकोणपन्नास, सदुसष्ट. चाळिशीच्या आतला एकही नाही. निरोगी फोल्डरात सतरा, अठरा, सतरा, सतरा, एकोणीस. मी शेवटपर्यंत वाचत गेले. एकातले सगळे नांदेडच्या मशीनवरचे, दुसऱ्यातले सगळे लातूरच्या. आमच्या प्रोग्रामला गाठ ओळखता येतच नव्हती. त्याला वय ओळखता येत होतं आणि जिल्हा ओळखता येत होता. नांदेडचा म्हातारा दिसला की तो म्हणे गाठ आहे, म्हणून तर आमचे प्राचार्य सापडले. लातूरचं पोर दिसलं की तो न बघताच पास करत होता. एवढं तर बसकंडक्टरलाही जमतं.

मी डॉक्टरांना फोन केला. विचारलं, तुमच्याकडे तरुण पेशंट नव्हते का? "होते की," ते म्हणाले. "मुलांच्या फायली वेगळ्या कपाटात असतात. तुम्ही मागितल्या नाहीत." एका सोळा वर्षांच्या पेशंटचा स्कॅन, लातूरच्याच सेंटरवर काढलेला, त्यांनी नाव काढून पाठवला. तो मी प्रोग्रामला दाखवला आणि जे यायचं तेच आलं.

मग दाजींना फोन लावला, काय झालं ते सांगितलं आणि म्हटलं, पोरीला लगेच हैदराबादला मेंदूच्या सर्जनकडे न्या. सगळं ऐकून ते भडकले. "मागल्या महिन्यात नव्व्याण्णव होतं, आता एकदम शून्य झालं व्हय? तू काय डॉक्टर हायस का?"

"नाही ना दाजी. तेच सांगते आहे."

"मग त्या दिवशी कशाला बोललीस?" त्यांनी निकाल देऊन टाकला की आधी परीक्षा, मग हैदराबाद, आणि फोन ठेवला.

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन एसटीत बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, शेजारची बाई मला पेरू देत होती आणि मी फक्त नको नको म्हणत होते. लातूरच्या त्या खोलीत एक कॉट, एक गॅस आणि भिंतभर पेशींचे तक्ते. पोरगी डोळ्यांवर ओढणी घेऊन पडली होती. दाजी क्लासच्या सरांना भेटून नुकतेच आले होते, घुश्शातच होते. मी लॅपटॉप उघडला आणि त्या सोळा वर्षांच्या पेशंटचं चित्र समोर ठेवलं.

"दाजी, यात गाठ कुठे आहे ते तुम्ही सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं?" म्हणाले, पण वाकून बघितलं. मग एक बोट स्क्रीनवर टेकलं. "ही काय. लिंबाएवढी दिसून राहिली."

मी बटण दाबलं. गाठ नाही, नव्व्याण्णव टक्के. ते बोट तसंच ठेवून वाचत राहिले. "पुन्हा दाब," म्हणाले. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. त्यांनी स्वतःच्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाले, "हे तर आंधळं हाय," आणि ताईला म्हणाले, "कपडे भर."

दुसऱ्या दिवशी हैदराबाद, आणि चार दिवसांनी ऑपरेशन. गाठ वाईट जातीची नव्हती, पूर्ण निघाली, पोरगी वाचली. डाव्या बाजूची नजर मात्र गेली, दोन्ही डोळ्यांची, आणि ती परत येणार नाही. समोरच्या ताटातली डावीकडची भाजी तिला दिसत नाही, मान वळवावी लागते. राउंडला आलेले सर्जन सहज बोलले, "तीन आठवडे आधी आला असतात तर कदाचित नजर वाचली असती." मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. दाजी फरशीकडे बघत म्हणाले, "मीच हट्ट केला साहेब." मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही.

कॉलेजात येऊन मी सांगितलं की हा प्रोग्राम खोटा आहे, वेबसाइटवरून काढा. प्राचार्य म्हणाले, पुढच्या महिन्यात समिती तपासणीला येते आहे, ती गेली की बघू. मी हट्टच धरला तेव्हा त्यांनी एक तोडगा सुचवला: खाली बारीक अक्षरात "फक्त चाळिशीच्या पुढील व्यक्तींसाठी" असं लिहू. त्या वाक्याने त्यांच्या स्वतःच्या डोक्यातली गाठ कायम राहते हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी लॅबमध्ये जाऊन प्रोग्राम स्वतः पुसून टाकला. दुपारी त्या जुन्या गटातली लातूरची मुलगी आली. आता ती नोकरीला होती, कुणाकडून तरी ऐकून आली होती आणि रडत होती. "मॅडम, मीच म्हणाले होते लातूरला मिळतात." मी तिला म्हटलं, तू बरोबर बोललीस, न बघता घेतले ते मी. मग दोघींनी ठरवलं की पहिल्यापासून करायचं, सगळ्या वयांचे, दोन्ही मशीनवरचे स्कॅन घ्यायचे, आणि ज्याचा मेंदू त्याला विचारून घ्यायचे.

पहिलं संमतीपत्र घेऊन मी निलंग्याला गेले. दुपार होती. ताई आत भाकरी करत होती. पोरगी ओसरीवर बसली होती, केस आखूड, डोक्याला रुमाल. तिने कागद घेतला आणि वाचायला लागली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती मान डावीकडे नेऊन पहिला शब्द शोधायची आणि मग पुढे वाचायची. एवढासा कागद, किती वेळ लागला.

"माझाच का पहिला, मावशी?"

"कारण तू मला विचारलं होतंस," मी म्हणाले. "आणि मी न बघता हो म्हणाले."

तिने पेन मागितलं. सही कुठे करायची ते विचारलं आणि केली. तेवढ्यात दाजी शेतावरून आले आणि तिच्या उजव्या हाताला टेकले. त्या घरात आता सगळे तिच्या उजव्या बाजूलाच बसतात.

"काय चाललंय दोघींचं?"

"काही न्हाई बाबा, मावशीचा फॉर्म भरून राहिले," ती म्हणाली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"भर, भर," दाजी म्हणाले. "मावशीचा काय दोष न्हाई त्याच्यात. ती एवढी लातूरला धावत आली. मीच ऐकलो न्हाई."

पोरगी माझ्याकडे बघत होती. तिने मला वाट करून दिली होती, नुसतं उठून निघायचं होतं. मला जमलं नाही. मी म्हणाले, "नाही दाजी. त्या दिवशी लॅबमध्ये तुम्ही फोनवर बोलत होतात तेव्हा हिने मला विचारलं होतं." आणि काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, ते सांगितलं. दाजी उठले, पायात चपला सरकवल्या आणि आलेल्या वाटेने परत शेताकडे गेले.

आत ताईच्या भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. मी कागद पिशवीत घातला, हाक मारून येते म्हणाले. बारा वाजून गेले होते, चूल पेटलेली होती, आणि त्या घरात मला जेवून जा असं कुणी म्हणालं नाही.